डॅरेन्सबर्ग सरांना मोकळं करण्याबाबत

क्लोव्हिस बार्नबेला कॉलेजात कायम करण्यात आलं. समिती पाच जणांची होती आणि पाचही मतं त्याच्या बाजूनं पडली. त्यातलं पाचवं मत ज्यांचं होतं, त्यांना आदल्याच शनिवारी सगळ्या वस्तीनं वाजतगाजत थडग्यात नेऊन ठेवलं होतं.

असं काही घडलेलं नाही. कॉलेजच्या दफ्तरात पाचव्या मताची नोंद नाही, समितीतल्या चौघांना त्याबद्दल विचारलं तर ते पार्किंगचा विषय काढतात. शनिवारी दुपारी ट्रेमे वस्तीतल्या चर्चबाहेर ट्रंपेट काखेत धरून घाम पुसत उभ्या असलेल्या क्लोव्हिसला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा आपणही काही ऐकलेलं नाही. शनिवारपासून सुरू करू.

वारले होते ते प्रोफेसर एल्सवर्थ डॅरेन्सबर्ग. वय एकोणऐंशी. त्यांनी कॉलेजात एकेचाळीस वर्षं जॅझ शिकवला. न्यू ऑर्लीन्समध्ये फुंकून वाजणारं वाद्य ज्याच्या हातात आहे, तो माणूस कधी ना कधी सरांच्या पेन्सिलीला भ्यालेला असणारच. सर ओरडत नसत. समोरच्या स्टँडवर पेन्सिल टकटक वाजवत आणि शांतपणे चूक सांगत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं निम्म्या गावाचं मत होतं.

क्लोव्हिसची चूक एकच होती आणि ती अठराव्या वर्षापासून छत्तिसाव्यापर्यंत बदलली नव्हती. पहिल्या वर्षाच्या प्रगतिपुस्तकात सरांनी लिहिलं होतं, ‘सूर गोड. वाचन उत्तम. घाई करतो.’ शेवटच्या वर्षी लिहिलं, ‘घाई करतो.’ नऊ वर्षांपूर्वी क्लोव्हिसला तात्पुरता शिक्षक म्हणून घ्या, असं दोन पानी शिफारसपत्र सरांनीच दिलं. ते वाचून क्लोव्हिसच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची ओळ होती, ‘अर्थात, घाई करतो.’

ते खोटं नव्हतं. मध्यंतरी अकरा महिने क्लोव्हिस एका प्रवासी जहाजावर वाजवत होता, तेव्हा नाचणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांना इतकी धाप लागायची की जहाजाच्या डॉक्टरनं बँडविरुद्ध लेखी तक्रार केली. फ्रेंचमेन रस्त्यावरच्या क्लबात त्याचा एक तासाचा कार्यक्रम बावन्न मिनिटांत संपायचा. सरांनी एकदा त्याला थांबवून विचारलं होतं, “तुला दोन सुरांच्या मधल्या जागेची भीती वाटते का?” क्लोव्हिस “नाही सर” म्हणाला. तेही जरा लवकरच म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी कायम होण्यासाठी त्यानं पहिल्यांदा अर्ज केला, तेव्हा समितीत सरही होते. निवृत्त झाले तरी त्यांना समितीतून काढायची कुणाची छाती झाली नव्हती. अर्ज नामंजूर झाला. विरोधात दोन मतं पडली; ती कुणाची हे गुप्त होतं, फक्त एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं एक शेरा होता. दोन शब्दांचा.

तरीही सरांच्या अंत्ययात्रेत पहिला ट्रंपेट क्लोव्हिसनंच वाजवावा, असं सरांच्या पत्नीनं, मिस ओडील यांनी, ठरवलं. हा मोठा मान होता. तिथंच घात झाला.

तिथली रीत अशी, की चर्चपासून क्लेबोर्नच्या उड्डाणपुलाखालच्या चौकापर्यंत बँड फक्त संथ स्तोत्रं वाजवतो. ड्रमची तार सैल सोडलेली असते, ठोका रुमालात गुंडाळल्यासारखा येतो. पुढे म्होरक्या चालतो, हॅट छातीवर धरून. एक पाऊल, थांबायचं. दुसरं पाऊल, थांबायचं. चौकात बँड दोन्ही अंगांना फाकतो, मधून शववाहिका निघून जाते, आणि ती नजरेआड झाली की म्होरक्या हॅट डोक्यावर ठेवतो. याला मोकळं करणं म्हणतात. मग ड्रमची तार आवळतात, ट्रंपेट हाक देतो, आणि मागची सगळी गर्दी छत्र्या उघडून नाचायला लागते. मेलेला सुटला, आता जिवंतांची पाळी. हॅट डोक्यावर जाईपर्यंत जलद वाजवायचं नाही, हे तिथल्या पोराला चालायच्या आधी कळतं.

फर्डीकाका अडतीस वर्षं म्होरके होते. त्या दिवशी पुलाखाली ऊन नव्हतं, पण भट्टी पेटवल्यासारखी हवा होती. शववाहिका चौकाच्या अलीकडेच होती. काकांनी छातीवरची हॅट उचलली ती कपाळावरचा घाम पुसायला.

क्लोव्हिसला हॅट डोक्याकडे जाताना दिसली. तेवढं पुरलं. त्यानं हाक दिली.

ट्रंपेटची हाक ऐकून थांबणारा ड्रमवाला त्या गावात अजून जन्मलेला नाही. तारा आवळल्या गेल्या, ट्रॉम्बोन घुसले, चारशे माणसांनी छत्र्या उघडल्या आणि शववाहिका मधोमध अडकली. एक बाई बॉनेटवर चढून नाचू लागली. ड्रायव्हर घाबरून भलत्याच गल्लीत वळला, आणि सर कब्रस्तानात पोचले ते पाठीशी वरातीसारखा धिंगाणा घेऊन, एकमार्गी रस्त्यावरून उलट्या दिशेनं.

सगळं आटोपल्यावर क्लोव्हिस काकांजवळ गेला. “काका, चुकलं माझं.”

“चुकलं म्हणजे खोटा सूर लागला, बाळा,” काका म्हणाले. “हे चुकणं नाही. हे वेगळं आहे.” आणि क्लोव्हिसनं पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. हात बघितला, मग हाताच्या मागे, क्लोव्हिसच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, हॅट काढली आणि निघून गेले.

तिथं पलीकडे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, एका हॉटेलात न्याहारीच्या वेळी क्लोव्हिस नेहमीसारखा वाजवत होता. जलद तुकडा होता. मध्येच त्याला मागून पाऊल ऐकू आलं. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग खर्रर्र. डावा पाय घासत टाकलेला. सरांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया बिघडल्यापासून ते असेच चालत.

त्यानं वळून पाहिलं. आम्लेट करणारा माणूस आम्लेट करत होता. क्लोव्हिसचा तुकडा आपोआप त्या पावलांच्या लयीवर उतरला, आणि एका टेबलावरच्या आजीनं खाणं थांबवून प्रार्थनेला हात जोडले.

“कुणाकडे बघतोयस?” बिस्किट कुजबुजला. बिस्किट हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. रस्त्यावर सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घ्यायचा भला मोठा पितळी भोंगा, आणि आत उभा बास वाजवायचा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही लग्नाच्या कागदावर कळलं. “कुणाचे पैसे बुडवलेस?”

“तुला ऐकू येत नाही?”

“मला तू ऐकू येतोयस. आणि तू हळू वाजवतोयस. तू! मला वाटलं माझ्या डोक्यातली रक्ताची गुठळी हलली.” मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. “आणि एक सांगू? गाव म्हणतंय तू मुद्दाम केलंस. मताचा सूड म्हणून.”

हा विचार क्लोव्हिसच्याही मनात येऊन गेला होता, आणि तो आत येण्याआधी त्यानं दार वाजवलं नव्हतं.

सोमवारी कॉलेजात जाताना तो बसमध्ये चढला. ड्रायव्हर दार उघडं ठेवून थांबला. क्लोव्हिस मागच्या सीटवर जाऊन बसला तरी थांबलेलाच. मग आरशात बघून ड्रायव्हर म्हणाला, “सावकाश, बाबा, सावकाश. घाई नाही,” आणि दार लावलं. क्लोव्हिसच्या शेजारची सीट रिकामी होती. पुढच्या सात थांब्यांवर बस भरली, माणसं दांड्यांना लटकली, पण त्या सीटवर कुणी बसलं नाही. एक बाई वाकून “माफ करा” म्हणाली आणि उभीच राहिली.

वर्गात अकरा विद्यार्थी होते. जलद तुकडा चौथ्या ओळीपर्यंत बरा गेला, मग जिन्यावर टप् झालं, आणि क्लोव्हिसच्या हातून लय अशी बसत गेली जशी टायरमधून हवा जाते. झोई नावाची सॅक्सोफोनवाली मुलगी थांबली. “मिस्टर बी, असं का वाजवतोय आपण? कोण मेलंय का?” मग तिला आठवलं कोण मेलंय, आणि अकराही जण बुटांकडे बघू लागले.

तास संपताच विभागप्रमुख डॉक्टर गिलख्रिस्ट यांनी त्याला बोलावलं. त्यांचं टेबल इतकं स्वच्छ होतं की त्यावर बातमी चांगली की वाईट हे कळायचं नाही.

“शुक्रवारी दुपारी तुझं वादन आहे, क्लोव्हिस. चाळीस मिनिटं, समितीसमोर. निदान एक जलद तुकडा हवाच. मंजुरीला पाचापैकी चार मतं लागतात.”

“पण आता चारच जण उरलेत.”

“नाही, पाच आहेत. नवा माणूस नेमायला सिनेटची बैठक लागते, ती ऑक्टोबरात. तोवर डॅरेन्सबर्ग सरांचं नाव यादीत आहे.”

“ते वारलेत, डॉक्टर गिलख्रिस्ट. तुम्ही भाषण केलंत तिथं.”

“वारल्याची नोंद आस्थापनेकडे आहे. समितीकडे आलेली नाही.” त्यांनी चष्मा काढला. “आपण त्यांना गैरहजर धरू. म्हणजे उरलेल्या चौघांनी होय म्हणायला हवं. एकानं जरी नाही म्हटलं तर मे महिन्यात तुझा करार संपतो. नऊ वर्षांपलीकडे तात्पुरता माणूस ठेवता येत नाही. आणि खरं सांगते, चौघांनाही तुझ्याबद्दल एकच शंका आहे. कोणती ते तुला ठाऊक आहे.”

क्लोव्हिसनं मान हलवली. डॉक्टर गिलख्रिस्ट त्याच्या मागे दाराकडे बघत होत्या. “दार लावून घ्यायला सांग त्यांना,” त्या म्हणाल्या. मग डोळे चोळून म्हणाल्या, “कुणाला सांगतेय मी?” आणि स्वतःच उठून दार लावलं.

सोमवार म्हणजे घरोघर राजमा-भात. संध्याकाळी क्लोव्हिस मिस ओडीलकडे गेला, तेव्हा गॅसवर पातेलं रटरटत होतं. त्या त्याला बघून अजिबात दचकल्या नाहीत. त्यांनी दोन ताटं वाढली. दोन्ही क्लोव्हिसच्या बाजूला.

“मिस ओडील, सर...”

“माहीत आहे मला. शनिवारपासून घर कसं शांत आहे! एकावन्न वर्षांत पहिल्यांदा मी रेडिओ हवा तेवढा मोठा लावला.” त्यांनी दुसऱ्या ताटात तिखट सॉस शिंपडला. “तू त्याला मोकळं केलं नाहीस, बाळा. मग जाणार कुठं तो? ज्यानं हाक दिली त्याच्या मागे लागला. कॉफी चिकोरीची लागते त्याला. एसीचा वारा मानेवर आला तर दिवसभर कुरकुर करतो.”

“तुम्ही सांगा ना त्यांना. जा म्हणावं.”

“एकावन्न वर्षं सांगितलं. आता तू सांगून बघ.” मग त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. “एक विचारते. मुद्दाम केलंस?”

क्लोव्हिसला ताटातला भात दिसेनासा झाला. “नाही, मिस ओडील. आईशप्पथ. हॅट वर गेली आणि मला... मला थांबवेना. पुलाखाली ते सगळं इतकं संथ घुमत होतं, दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा होती, आणि त्या जागेत सर मेलेले होते. मला ती भरून टाकायची होती.”

“अगबाई.” मिस ओडीलनी त्याच्या हातावर हात ठेवला. “मग तर जास्तच वाईट. मुद्दाम केलं असतंस तर तो चिडून निघून गेला असता. घाईनं केलंस. विद्यार्थ्याची चूक सुधारल्याशिवाय त्यानं कधी कुणाला सोडलंय? आमच्या हनिमूनला दोन जण शिकवणीला आले होते.”

क्लोव्हिस निघाला तेव्हा दुसरं ताट रिकामं होतं. ते आपणच खाल्लं असणार, असं त्यानं ठरवलं. त्याला राजमा आवडत नसे.

मंगळवारी तो फर्डीकाकांच्या घरी गेला. काका व्हरांड्यात बसून खांद्यावरच्या पट्ट्याची झालर विंचरत होते. क्लोव्हिसला पाहताच ते उठले आणि दोन खुर्च्या पुढे सरकवल्या.

“उपाय सांगा, काका.”

“उपाय एकच. परत न्यायचं. चर्च, संथ वाजवत चौक, गाडी मधून पुढे, मग हॅट, मग हाक. जसं व्हायला हवं होतं तसं.”

“मग करू या ना!”

“गाडीत सर नकोत का?” काका म्हणाले. “आपल्याकडे जमिनीवरच्या विटांच्या थडग्याचं तोंड एकदा चिणलं की एक वर्ष आणि एक दिवस उघडत नाहीत. आतली उष्णता कामाला लागलेली असते. मध्येच उघडणं बरं नव्हे.”

“आणि तोवर?”

“तोवर त्यांच्या पुढे जाऊ नकोस.”

“गेलो तर?”

काकांनी कंगवा खाली ठेवला. “मी पोरगा होतो तेव्हा आल्सीड नावाचा क्लॅरिनेटवाला होता. त्यानंही असंच केलं होतं, एका न्हाव्याच्या मयताला. न्हावी मागे लागला. आल्सीड म्हणाला, मेलेल्याला काय भ्यायचं. एकदा जलद तुकड्यात तो न्हाव्याच्या पुढे गेला.”

“मग?”

“मग पुढेच गेला.”

“म्हणजे काय काका, पुढे?”

“पुढे म्हणजे पुढे. तुकडा संपला, आल्सीड नव्हता. तीन दिवसांनी ह्यूस्टनच्या बसस्थानकावर त्याचं क्लॅरिनेट सापडलं. तोंडाशी अजून ओलं होतं.” काकांनी परत कंगवा उचलला. “तू शुक्रवारी काय वाजवणार आहेस?”

रिकाम्या खुर्चीकडून पेन्सिल टकटकल्याचा आवाज आला. काका म्हणाले, “सुतारपक्षी असेल.” त्या वस्तीत सुतारपक्षी नाहीत.

बुधवारी आणि गुरुवारी सराव झाला, म्हणजे झाला नाही. संथ तुकड्यांत पावलं क्लोव्हिसच्या बरोबर चालायची, इतकी जवळ, की त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. जलद तुकड्याला तो ट्रंपेट ओठांशी न्यायचा आणि परत खाली घ्यायचा. हळू वाजवला तर नोकरी जाणार. नेहमीसारखा वाजवला तर तो स्वतःच जाणार, ह्यूस्टनपर्यंत किंवा त्याच्याही पुढे.

“हे बघ, पर्याय आहेत,” बिस्किट म्हणाला. “एक, तू आजारी पड. दोन, मी आजारी पडतो. तीन, आपण समितीला आजारी पाडू, माझ्या बायकोची आत्या कोलंबी विकते.”

“बिस्किट, मला भीती वाटते.”

बिस्किट बासला टेकला. “मला ठाऊक आहे. तुझ्या मागे उभं राहायचं तर मी आता एक हात सोडून उभा राहतो. बास मध्ये ठेवतो. का ते विचारू नकोस.”

शुक्रवारी दुपारी तीन वाजता सभागृहात ऐंशीएक माणसं होती. दुसऱ्या रांगेत समिती बसली होती. चार माणसं, चार चिठ्ठ्या. पाचव्या खुर्चीवर कार्यालयातल्या कारकुनानं नियमाप्रमाणे नावाची पाटी, कोरी चिठ्ठी आणि पेन ठेवलं होतं. पेनच्या जागी पेन्सिल कधी आली हे नंतर कुणाला सांगता आलं नाही.

पहिली पंचवीस मिनिटं संथ तुकडे. पावलं सभागृहाच्या दारातून आत आली आणि मधल्या वाटेनं फिरू लागली, परीक्षेच्या वेळी सर फिरत तशी. क्लोव्हिसचा शर्ट पाठीला चिकटला. समितीच्या चेहऱ्यांवर काही नव्हतं. संथ सगळेच वाजवतात.

मग तो जलद तुकडा आला. लय क्लोव्हिसनं द्यायची होती. त्यानं बोटं उचलली तर ती स्वतःच आधीपासून थरथरत होती, ड्रमवाल्याला कळेना की यातली लय कोणती. शेवटी बिस्किट दबक्या आवाजात म्हणाला, “एक, दोन, बाबा रे, चार,” आणि तुकडा सुटला.

आठ मात्रा क्लोव्हिस वाजवत होता. नंतर त्याची बोटं वाजवू लागली. ती आयुष्यभर जशी सुटायची तशी सुटली, पुढच्या सुराच्या आधी पुढचा सूर, ड्रमच्या काठीच्या केसभर पुढे, मग दोन केस. आणि वाटेवरची पावलं व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. टप्. खर्रर्र. त्यांची लय बदलली नव्हती. चार ठोक्यांना एक पाऊल, एवढंच. त्यांना काही घाई नव्हती. ती त्याच्या डाव्या खांद्यामागे आली, आणि क्लोव्हिसला स्पष्ट कळलं की आता पुढचा सूर आपल्या सवयीनं लागला, तर आपण पुढे निघून गेलेले असू. सभागृहाच्या पुढच्या बाजूला भिंत होती, पण त्याला भिंत दिसली नाही. नुसती जागा दिसली.

त्यानं सूर धरून ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मागचं पाऊल जमिनीवर पडेपर्यंत त्यानं तो सूर सोडला नाही. पडलं, मग सोडला. पुढचं घासत आलं, तोवर थांबला. ड्रम धावत होता, पियानो धावत होता, आणि क्लोव्हिस त्यांच्या किंचित मागे, प्रत्येक सुराआधी श्वासभर जागा सोडून, जीव मुठीत धरून वाजवत होता. त्या प्रत्येक जागेत काहीतरी होतं. तो तिकडे बघत नव्हता, पण होतं. जुन्या कोटाचा वास होता, चिकोरीचा होता. मध्येच एका जागेत त्याला आपला स्वतःचा श्वास ऐकू आला आणि तो सगळ्यात जास्त दचकला तेव्हाच.

तुकडा संपला. मग समितीतले एक म्हातारे पियानोशिक्षक, ज्यांनी वीस वर्षांत कुणासाठी टाळी वाजवली नव्हती, उभे राहिले. “हा कधीपासून असा थांबायला शिकला?” ते शेजारच्या खुर्चीला म्हणाले. पाचव्या खुर्चीला. मग गडबडून खाली बसले.

कारकुनानं मतपेटी उघडली. चिठ्ठ्या पाच निघाल्या. त्यानं तीनदा मोजल्या, तिसऱ्यांदा डोळे मिटून. पाचवी पेन्सिलीनं लिहिलेली होती. ‘घाई केली नाही. एकदा. पुढे बघू. होय.’

डॉक्टर गिलख्रिस्टनी ती चिठ्ठी घडी करून खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. “चार विरुद्ध शून्य, एक गैरहजर,” त्या म्हणाल्या. “पाच लिहिलं तर मला सिनेट बोलवावी लागेल. अभिनंदन, क्लोव्हिस. कायम झालास.”

बाहेर बिस्किटनं त्याला उचलून गरगर फिरवलं. “अरे हस की, लेका! आता मरेपर्यंत नोकरी!”

“त्यांनी लिहिलंय, पुढे बघू.”

“मग?”

“म्हणजे ते राहणार आहेत, बिस्किट. मरेपर्यंत नोकरी म्हणजे तीस वर्षं. तीस वर्षं रोज असं वाजवायचं. एकदा, एकदाच हात सुटला की...” त्याला ह्यूस्टनचं नाव घेववेना.

बिस्किटनं त्याला खाली ठेवलं आणि जरा विचार केला. “पण ते गेले तर तू परत घाई करशील.”

“करीन.”

“मग काढून टाकतील तुला.”

“टाकू देत,” क्लोव्हिस म्हणाला. समोर थांब्यावर बस दार उघडं ठेवून उभी होती. आत कुणी चढत नव्हतं, तरी ड्रायव्हर कुणाचा तरी हात धरून त्याला वर घेत होता. “मी चालत जातो,” क्लोव्हिस म्हणाला, आणि चालत घरी न जाता थेट नगरपालिकेच्या मिरवणूक परवाना कार्यालयात गेला. कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. छापील अर्जात अंत्ययात्रेसाठी रकाना होता, दुसऱ्यांदा काढायच्या अंत्ययात्रेसाठी नव्हता, म्हणून त्यानं मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. सावकाश, एकेका शब्दाच्या मधे जागा सोडून, कारण खांद्यावरून कुणीतरी वाचत होतं.

‘प्रति, मा. परवाना अधिकारी. विषय: एकदा पार पडलेली अंत्ययात्रा पुन्हा काढण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, प्रोफेसर एल्सवर्थ डॅरेन्सबर्ग यांची अंत्ययात्रा गेल्या शनिवारी अर्जदाराच्या चुकीमुळे क्लेबोर्न चौकाच्या अलीकडेच समाप्त झाली असून मृत अद्याप मोकळे झालेले नाहीत. मृत सध्या अर्जदाराबरोबरच राहत असल्याने त्यांच्या येण्याजाण्याची वेगळी व्यवस्था करावी लागणार नाही, केवळ देह लागेल. तरी थडग्याचे तोंड एक वर्ष एक दिवसाची मुदत न पाहता चाळीस मिनिटांकरता उघडण्यास, देह शववाहिकेतून चर्च ते चौक व परत नेण्यास, त्या वेळेपुरती पुलाखालची वाहतूक बंद ठेवण्यास आणि जमलेल्या नागरिकांनी सूचना मिळेपर्यंत छत्र्या उघडू नयेत असा आदेश काढण्यास मंजुरी द्यावी. मिरवणूक नेमल्या वेळेच्या आधी सुरू होणार नाही, याची हमी अर्जदार देत आहे. मृतांनी हा मजकूर वाचला असून त्यांची हरकत नाही. परवानगी अर्जदाराच्या सोमवारी सकाळी आठच्या वर्गाआधी मिळावी, ही नम्र विनंती.’